रोबोट : वेठ आणि अर्भक

कारेल चापेकला आपल्या नाटकातल्या कृत्रिम कामगारांना 'लाबोर्झी' म्हणायचं होतं. लॅटिनमधला श्रमवाचक शब्द घ्यायचा, त्याला चेक अनेकवचनाचा प्रत्यय लावायचा, की झालं. पण हे नाव त्याच्या स्वतःच्याच कानाला पुस्तकी वाटत होतं. म्हणून तो थोरल्या भावाकडे, योसेफकडे गेला. योसेफ चित्रकार. तो कॅनव्हासपुढे उभा राहून रंगवत होता आणि तोंडात ब्रश धरलेला होता. कारेलने नाटकाची कल्पना घाईघाईत सांगितली, नावाची अडचणही सांगितली. योसेफने ब्रश तोंडात तसाच ठेवून 'रोबोट' म्हण, असं पुटपुटलं आणि तो पुन्हा चित्राकडे वळला. हा किस्सा कारेलनेच २४ डिसेंबर १९३३ रोजी 'लिदोव्हे नोव्हिनी' या दैनिकात सांगितला. शब्दाचं श्रेय लोक त्याला देत होते आणि ते त्याला भावाच्या पदरात घालायचं होतं.

हा किस्सा सांगताना सगळे योसेफच्या बेफिकिरीवर खूश असतात. मला त्यातली नेमकेपणाची बाजू जास्त मोलाची वाटते.

चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. मराठी वाचकाला हे फोड करून सांगायची गरज नाही. जमीनदाराच्या शेतावर, तळ्यावर, रस्त्यावर, स्वतःचे बैल नेऊन किंवा नुसत्या हातापायांनिशी फुकट राबायचं, आणि उरलेल्या दिवसांत स्वतःच्या पोटाचं बघायचं. बोहेमियात १६८० मध्ये या वेठीविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि त्याच वर्षी वेठीचे दिवस ठरवून देणारं फर्मान निघालं. १७७५ मध्ये पुन्हा उठाव झाला. प्रागच्या दिशेने निघालेल्या शेतकऱ्यांना खलुमेत्सपाशी सैन्याने झोडपून काढलं. एखाद्याची पुरती धूळधाण झाली की आजही चेक माणूस खलुमेत्सच्या शेतकऱ्यांचं उदाहरण देतो. त्या उन्हाळ्यात मारिया तेरेझाचं फर्मान निघालं आणि वेठ आठवड्याला जास्तीत जास्त तीन दिवसांवर आली. ती कायमची गेली १८४८ मध्ये.

योसेफचा जन्म १८८७ चा, म्हणजे वेठ उठून चाळीस वर्षंही झालेली नव्हती. दोघा भावांचं बालपण ईशान्य बोहेमियातल्या ऊपित्से गावात गेलं. वडील तिथे डॉक्टर होते. कारेलचा जन्म जवळच्या माले स्वातोन्योव्हित्सेचा, आणि त्याला लागून असलेलं रतिन्ये हे गाव म्हणजे १७७५ च्या उठावाचं एक मुख्य ठाणं. शेतकऱ्यांचा पुढारी आंतोनिन निव्हल्त तिथलाच. त्या मुलखातल्या मुलाला 'रोबोता' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून शिकावा लागत नसणार.

आता शब्दाची घडण पाहू. वेठ करणाऱ्या माणसाला चेकमध्ये आधीपासून शब्द होता : 'रोबोतनिक'. मराठीत बिगार करणारा तो 'बिगारी' व्हावा, तसा. योसेफला तो आयता मिळाला असता. त्याने तो घेतला नाही. 'रोबोतनिक' या शब्दात वेठ आहे, आणि 'निक' या प्रत्ययात ती करणारा माणूस आहे. हा माणूस तीन दिवस मालकाच्या शेतावर राबतो आणि चौथ्या दिवशी घरी जातो. त्याला घर आहे, बायकामुलं आहेत, मालकाला घालायला शिव्या आहेत. योसेफने प्रत्यय लावला नाही. उलट स्त्रीलिंगी 'रोबोता'चा शेवटचा स्वर तोडला आणि जे उरलं ते पुल्लिंगी, सजीव नाम म्हणून उभं केलं. करणारा गेला; काम तेवढं दोन पायांवर चालू लागलं. नाटकात रोबोट घडवणारा धाकटा रॉसुम मानवी शरीरातून कामाला न लागणारं सगळं वजा करत जातो आणि उरतो तो रोबोट. शब्दही त्याच कृतीने तयार झाला आहे. दोन अक्षरांत इतकं सांगणारं दुसरं नाव मला तरी आठवत नाही.

कुणी म्हणेल, हे रूप नवं कुठे होतं? ऑस्ट्रियाच्या सरकारी जर्मनमध्ये वेठीला 'रोबोट'च म्हणत. तेरेझाच्या त्या फर्मानाचं नावच 'रोबोटपाटेंट'. हंगेरियनमध्येही वेठ म्हणजे 'रोबोट'. हे खरं आहे. पण तिकडे ते कामाचं नाव होतं. कामाचं नाव कामकऱ्याला, तेही कुठला जोड न देता, चिकटवण्याची गोष्ट ब्रश तोंडात धरलेल्या माणसाने केली.

आणि हे चेकमध्येच जमण्यासारखं होतं. शेजारच्या स्लाव भाषांत हाच शब्द आहे, पण त्याची धार गेलेली आहे. रशियनमध्ये 'राबोता' म्हणजे साधं काम. ऑफिसात जाणाराही 'राबोता'ला जातो. पोलिशमध्ये 'रोबोतनिक' म्हणजे कामगार, त्यात हिणवणं नाही. बल्गेरियनमध्ये 'राबोता' म्हणजे काम, आणि सैलपणे 'बाब', 'गोष्ट' सुद्धा. युक्रेनियनमध्ये तर गंमतच आहे : 'रोबोट'चं षष्ठीचं रूप आणि 'काम' हा शब्द लिहायला अगदी सारखे, फरक फक्त आघाताचा. चेक लोकांनी रोजच्या कामासाठी 'प्रात्से' हा निराळा शब्द ठेवला, त्यामुळे 'रोबोता' जुन्या छळाची खूण म्हणून मागे राहिला. वॉर्सा किंवा मॉस्कोमध्ये हेच नाटक लिहिलं गेलं असतं तर या नावातून 'कामकरी' यापलीकडे फारसं काही ऐकू आलं नसतं. आपल्याकडे 'बिगारी'चं तेच झालं. बांधकामावर रोजंदारी घेणारा बिगारी फुकट राबत नाही, पण नाव अजून जुनंच लावतो. 'वेठ' मात्र वेठच राहिली. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ मध्ये तिच्याविरुद्ध उठाव केला, तेव्हा तिला दुसरं कुठलं गोड नाव नव्हतं.

या शब्दाची पाळंमुळं आणखी खोल जातात. स्लाव भाषांच्या आद्य रूपात 'ओर्ब' म्हणजे दास. रशियनमध्ये तो 'राब' झाला, आणि 'राबोता' त्याच्याच घरातली. पण त्याच धातूपासून रशियनमध्ये 'रिब्योनक', म्हणजे मूल, आलं. चेकमध्ये 'रोब्ये' म्हणजे तान्हं बाळ. ग्रीकमध्ये 'ओर्फानोस' म्हणजे पोरका. तिथून इंग्रजी 'ऑर्फन', इटालियन 'ओर्फानो', पोर्तुगीज 'ऑर्फाऊँ'. सोळाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाने हुंडा म्हणून सरकारी पदं देऊन ज्या अनाथ मुली गोव्याला लग्नासाठी पाठवल्या, त्यांना 'राजाच्या ऑर्फा' म्हणत. लॅटिनमधला 'ओर्बुस' दोन्हीकडे चालतो : ज्याचे आईबाप गेले तो, आणि ज्याची मुलं गेली तोही. जर्मनमध्ये या कुळातून 'एर्बं' म्हणजे वारसा आला, आणि बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'आर्बाइट', म्हणजे काम, हाही त्यातलाच. गॉथिक बायबलमध्ये त्याचं जे जुनं रूप येतं त्याचा अर्थ कष्ट. मराठीतला 'कष्ट' जसा मेहनत आणि यातना अशा दोन्ही अर्थांनी चालतो, तसाच तो शब्द होता. आणि संस्कृतात हा धातू 'अर्भ' होऊन बसला आहे : लहान, दुबळा. त्याचा 'अर्भक' आपण अजून वापरतो.

अर्थाची ही साखळी जुळवायला फार डोकं लागत नाही. बाप मेला की मूल पोरकं होतं. वारसा मिळाला तर ठीक, नाही तर दुसऱ्याच्या दारात राबायचं. लहान, पोरका, दास, काम : एकाच दुबळेपणाच्या या पायऱ्या. 'रोबोट' आणि 'अर्भक' ही दूरची भावंडं आहेत हे पहिल्यांदा कळलं की माणूस चपापतो. मग वाटतं, यात चपापण्यासारखं काय आहे? सत्ता नसलेल्याला आपण अजूनही 'पोऱ्या' म्हणूनच हाक मारतो, मग त्याचं वय पन्नास का असेना.

'आर्बाइट'चा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. कारेल १९३८ च्या नाताळात वारला. योसेफला नाझींनी १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू झालं त्याच दिवशी पकडलं. पुढची साडेपाच वर्षं तो एका छावणीतून दुसरीकडे जात राहिला. त्यातली एक झाक्सनहाउझन. तिच्या फाटकावर काम माणसाला मुक्त करतं अशा अर्थाचं जे कुप्रसिद्ध वाक्य लोखंडात होतं, त्याचा पहिला शब्द 'आर्बाइट'. एप्रिल १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झनला त्याचा शेवट झाला. यावर भाष्य करण्याचा मोह अनेकांना होतो. मी करत नाही.

आता नाटक. 'आर. यू. आर.' १९२० मध्ये छापलं गेलं आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आलं. वेशभूषा योसेफचीच होती. १९२२ मध्ये न्यूयॉर्क, १९२३ मध्ये लंडन. लंडनच्या प्रयोगानंतर बर्नार्ड शॉ आणि चेस्टरटन यांनी जाहीर चर्चेत त्यावर मतं दिली, आणि आपल्याला रोबोटांपेक्षा माणसांत जास्त रस आहे अशा अर्थाचा खुलासा कारेलला करावा लागला. नाटक गाजलं ते गाजलं, पण त्याहून जोरात धावला तो शब्द. फ्रेंच, इटालियन, इंग्रजी, सगळ्यांनी तो जसाच्या तसा घेतला. भाषांतर करायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण त्याचा अर्थ त्यांना कळलाच नव्हता. चेक प्रेक्षकाला पहिल्याच वाक्यात जे टोचलं असेल, ते पॅरिसच्या प्रेक्षकाला एक चमत्कारिक विशेषनाम वाटलं. अर्थ मागे राहिला म्हणून शब्दाला सीमा ओलांडता आली.

कारेलची इतर नावंही अशीच अर्थ लपवून बसलेली आहेत. 'रॉसुम' हा चेक 'रोझुम', म्हणजे बुद्धी, विलायती स्पेलिंगमध्ये. कारखान्याचा मुख्य संचालक दोमिन. त्यात लॅटिन 'धनी' आहे. पैशाचं बघणारा बुसमान, त्यात 'बिझनेसमन'. अभियंता फाब्री, त्यात लॅटिन कारागीर. टाइप करणाऱ्या रोबोट बाईचं नाव सुल्ला, आणि तिच्या जोडीचा मारिउस. दोमिनला वाटतं हे कुणी प्रेमी युगुल असावं. मुळात ते एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन रोमन सेनापती. मालकाचं शिक्षण किती आहे हे एका चुकीत दाखवून कारेल पुढे जातो. ही नावं जरा जास्तच हुशार आहेत, हे कबूल करायला हवं. त्यांच्या रांगेत 'रोबोट' उठून दिसतो, कारण तो हुशारी करत नाही.

नाटकाची सुरुवात खरोखर विनोदी आहे. हेलेना ग्लोरी नावाची तरुणी रोबोटांना मुक्त करायला कारखान्याच्या बेटावर येते. सुल्ला रोबोट आहे हे तिला पटतच नाही. दोमिन म्हणतो, चिरून दाखवतो. आणि सुल्लाची त्याला काही हरकत नसते. मग कारखान्याचे संचालक आत येतात, तर हेलेना त्यांनाच रोबोट समजून बंडाचं भाषण सुरू करते. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता अडकतो, कारण तिची चूक समजण्यासारखी आहे. दोमिन तिला कारखान्याचं वर्णन ऐकवतो : कणीक तिंबायच्या काहिली, ज्यात एकेका वेळी हजार रोबोटांचं पीठ मळलं जातं, यकृताच्या आणि मेंदूच्या टाक्या, नसा आणि शिरा कातायची गिरणी, मैलोगणती आतडी.

इथे थांबायला हवं. यात कुठेही पोलाद नाही, दिवे नाहीत, खडखड नाही. चापेकचे रोबोट मांसाचे आहेत. नाटकाच्या जोरावर शब्द गावभर झाला, आणि आठ वर्षांच्या आत त्याच्यावर पत्रा चढला. १९२८ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनाचं उद्घाटन एरिक नावाच्या ॲल्युमिनियमच्या पुतळ्याने केलं, आणि त्याच्या छातीवर 'आर. यू. आर.' अशी अक्षरं होती! कारेल यावर वैतागला होता. आपण पत्र्याच्या बाहुल्या लिहिल्या नव्हत्या, असं त्याने १९३५ मध्ये एका लेखात सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. मराठीतला 'यंत्रमानव' हा शब्द मूळ नाटकाला सगळ्यात दूर नेतो. त्यात यंत्र आहे, मानव आहे, फक्त वेठ नाही. आज फ्रेंच आणि चेक स्वयंपाकघरात कणीक मळणाऱ्या मशीनलाही रोबोट म्हणतात. काहिलीत मळला गेलेला तो, आता मळणारा झाला आहे.

परत नाटकाकडे. दोमिन खलनायक नाही. त्याला माणसाची कामातून सुटका करायची आहे, कुणी कुणापुढे राबू नये असं त्याला मनापासून वाटतं. १८४८ चा माणूस बोलावा तसा तो बोलतो. फक्त वेठ उठवण्याचा त्याचा मार्ग म्हणजे ती दुसऱ्याच्या खांद्यावर देणं, आणि तो दुसरा कोण, हा प्रश्नच येऊ नये म्हणून त्याला मुळातच कुणी नसलेला बनवणं. दहा वर्षांत परिणाम दिसतो. माणसांना मुलं होईनाशी होतात. आता लॅटिन 'ओर्बुस' आठवा : ज्याला मूल नाही तो. एकाच धातूचा एक अर्थ गुलामांच्या नावात, आणि दुसरा अर्थ मालकांच्या कपाळी. हे कारेलने योजलं असं मी म्हणत नाही. पण 'रोब्ये' हा शब्द त्याच्या भाषेत होता, आणि लेखकाचा कान पुष्कळदा त्याच्यापेक्षा जास्त जाणतो.

रोबोट बंड करतात. त्यांचा म्होरक्या रादिउस याला स्वातंत्र्य नको, त्याला धनी व्हायचं आहे. वेठीचं व्याकरण त्याने बदललेलं नाही, फक्त कर्ता बदलला. ते सगळी माणसं मारतात आणि एकालाच ठेवतात : आल्क्विस्ट, इमारती बांधणारा म्हातारा. का? तो आमच्यासारखा हातांनी काम करतो म्हणून. नाटकातला हा सगळ्यात थरारक निवाडा आहे, आणि तो शब्दातूनच आलेला आहे. रोबोटांच्या जगात राबणारा आणि न राबणारा याखेरीज तिसरी जात नाही. बुसमान खातेवह्यांतली रक्कम घेऊन तडजोडीला जातो आणि विजेच्या तारांवर मरतो. पैशाची भाषा त्या जगात कुणाला येत नाही.

तिसऱ्या अंकात मालक संपलेले आहेत, पण काम थांबलेलं नाही. माल इतका तयार झाला आहे की ठेवायला जागा नाही, आणि तो कुणासाठी हे कुणाला सांगता येत नाही. रोबोट घडवायची कृती हेलेनाने आधीच जाळून टाकली आहे. वीस वर्षांचं आयुष्य असलेले हे जीव आल्क्विस्टपुढे हात जोडतात : आम्हाला पुढची पिढी दे. काल ज्यांनी बाप मारला, ते आज पोरके झालेत. 'ओर्फानोस'चा अर्थ इथे इतका उघडा पडतो की मला हा प्रसंग वाचताना ग्रीक कोशाची गरज वाटत नाही.

आणि मग शेवट. प्रिमुस नावाचा रोबोट आणि हेलेनाच्या रूपावर घडवलेली रोबोट मुलगी. आल्क्विस्ट तिला चिरायचं म्हणतो, तर प्रिमुस स्वतःला पुढे करतो. त्याला चिरायचं म्हटलं, तर ती रडते. म्हाताऱ्याला कळतं. अनेकांना हा शेवट भाबडा वाटतो, आणि तो भाबडा आहेच. प्रेमाने शरीरशास्त्र कसं बदललं, हे कारेल सांगत नाही, सांगू शकत नाही. त्यानंतरचं आल्क्विस्टचं बायबल-वाचन तर नक्की लांबलेलं आहे. दिग्दर्शकाने त्यातलं अर्धं गाळलं तरी मला खंत वाटणार नाही. पण त्याच्या आधी तो त्या दोघांना निरोप देतो, ते मात्र जसंच्या तसं हवं. पहिल्या अंकापासून ज्या नावाने त्यांना ओळखलं, ते नाव तो त्या वेळी घेत नाही. तो त्यांना आदाम आणि हव्वा म्हणतो.